नुकसानभरपाई : अनुग्रह की अधिकार?

एखाद्या शहरात दहशतवाद्यांनी स्फोट घडवून आणला, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत दोन आकडे ठळकपणे येतात. किती माणसे दगावली हा एक, आणि किती जखमी झाली हा दुसरा. हे आकडे महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु तिसराही एक आकडा असतो आणि तो सहसा कोठे छापून येत नाही. ज्या वस्तीत स्फोट झाला तेथे किती दुकानांची तावदाने फुटली, किती भिंतींना तडे गेले, कोणाचे शिवणयंत्र मोडले, पोलिसांनी रस्ता अडवून ठेवल्यामुळे किती हातगाडीवाल्यांचा धंदा बुडाला, याचा हिशेब बातमीत बसत नाही. तो हिशेब कोणी मांडावयाचा, आणि मांडल्यावर त्याचे पैसे कोणी द्यावयाचे, या प्रश्नाचा आज आपल्याला थोडा विचार करावयाचा आहे.

उदाहरणासाठी आपण चेन्नई शहर घेऊ. तेथील सेंट्रल स्थानकाला लागून एक जुना, गजबजलेला रस्ता आहे. त्याचे नाव वॉल टॅक्स रोड, म्हणजे तटाच्या कराचा रस्ता. १७५८-५९ साली फ्रेंचांनी मद्रासला वेढा घातला. पुढे १७६९ साली हैदरअलीचे घोडेस्वार शहराच्या वेशीपर्यंत येऊन ठेपले. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने वस्तीभोवती तट उभारला आणि त्याचा खर्च रहिवाशांवर कर बसवून वसूल करावा असा बेत केला. तो कर प्रत्यक्षात कधी वसूल झाला नाही असे सांगतात. तटही पुढे बहुतेक नाहीसा झाला. रस्त्याचे नाव तेवढे उरले. त्या नावात एक बोध आहे. रक्षणाचा खर्च प्रजेने सोसावा हे राज्यकर्त्यांना लवकर सुचते; रक्षणात उणीव राहिली तर प्रजेचे नुकसान कोणी सोसावे, हे सुचण्यास मात्र फार काळ लागतो.

याच सेंट्रल स्थानकात १ मे २०१४ रोजी सकाळी बंगळूरहून गुवाहाटीकडे जाणारी गाडी ९ क्रमांकाच्या फलाटावर उभी असताना तिच्या दोन डब्यांत बॉम्बस्फोट झाले. एक तरुणी मृत्युमुखी पडली आणि १४ प्रवासी जखमी झाले. रेल्वेने त्याच दिवशी सानुग्रह साहाय्य जाहीर केले. ‘सानुग्रह’ हा शब्द श्रोत्यांनी नीट ध्यानात घ्यावा. ज्याच्या मागे अनुग्रह आहे ते सानुग्रह. म्हणजे सरकार सांगते की, हे पैसे देण्यास आम्ही बांधलेलो नाही, तरी दयाबुद्धीने देतो. नुकसानभरपाई हा शब्द निराळा आहे. तो उच्चारताच देणाऱ्याकडे ऋण येते आणि घेणाऱ्याकडे हक्क येतो. व्यवहारात हे दोन्ही शब्द आपण सरमिसळ करून वापरतो आणि तेथेच सामान्य माणसाची पहिली फसगत होते. सानुग्रह रक्कम हाती पडली म्हणजे आपला हक्क संपला असे त्याला वाटते. वास्तविक त्याचा हक्क कित्येकदा तेथे सुरूही झालेला नसतो.

रेल्वेच्या बाबतीत हा हक्क कायद्याने स्पष्ट केलेला आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात १९९४ साली १२४-अ हे कलम घालण्यात आले. गाडीत, फलाटावर किंवा स्थानकाच्या आवारात दहशतवादी कृत्यामुळे प्रवाशाला मृत्यू आला किंवा इजा झाली, तर रेल्वेची चूक असो वा नसो, तिने भरपाई दिलीच पाहिजे, असे हे कलम सांगते. मृत्यूबद्दलची रक्कम २०१४ साली ४ लाख रुपये होती; १ जानेवारी २०१७ पासून ती ८ लाख झाली. त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करावा लागतो आणि तो साधारणतः एका वर्षाच्या आत करावयाचा असतो. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. दहशतवादी कृत्य म्हणजे काय, याची व्याख्या करताना रेल्वेच्या या कायद्याने १९८७ च्या ‘टाडा’ कायद्याकडे बोट दाखविले. तो टाडा १९९५ साली संपुष्टात आला. परंतु त्याची व्याख्या रेल्वेच्या कायद्यात आश्रयाला राहिली. कायदा मेला तरी त्याचे शब्द कसे जिवंत राहतात, याचा हा नमुना होय.

परंतु या कलमातील ‘प्रवासी’ हा शब्द बारकाईने पाहिला पाहिजे. कामावर असलेला रेल्वेचा नोकर, प्रवासाचे तिकीट असलेला मनुष्य आणि फलाटाचे तिकीट काढून आत आलेला मनुष्य, एवढ्यांचा त्यात समावेश होतो. आता कल्पना करा की असाच एक स्फोट स्थानकाच्या दाराशी झाला. तिकीट खिशात असलेला गृहस्थ जखमी झाला, तर त्याचा हक्क या कलमाखाली सिद्ध आहे. त्याच्या शेजारी उभा राहून त्याला केळी विकणारा फेरीवाला तितकाच जखमी झाला, तर या कलमाखाली त्याला काहीही नाही. आणि समोरच्या रस्त्यावरील दुकानाचे छप्पर कोसळले, तर त्या दुकानदाराला हा कायदा ओळखतच नाही. बॉम्बने तिघांत भेद केला नाही, कायद्याने केला.

मग वस्तीतील माणसाने कोठे जावे? त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी मुळात राज्याने असे नुकसान का भरून द्यावे, हे पाहिले पाहिजे. कारण पुष्कळांना प्रामाणिकपणे असे वाटते की, चोराने चोरी केली, खुन्याने खून केला, त्यात सरकारचा काय अपराध?

ही शंका नवी नाही, आणि तिचे उत्तरही नवे नाही. चोरीला गेलेले द्रव्य राजाने प्रजेला परत दिले पाहिजे, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. कौटिल्य तर पुढे जाऊन म्हणतो की, चोर सापडला नाही तर राजाने आपल्या कोशातून ती भर करावी. महाराष्ट्रातील जुन्या गावगाड्यात हेच तत्त्व लहान प्रमाणात चालत होते. गावात चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढावयाचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखविला की जबाबदारी त्या गावावर जाई. माग लागला नाही तर गेलेल्या मालाची भर त्याच्यावर, आणि पर्यायाने गावावर येई. पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात या पद्धतीची नोंद आहे. इंग्लंडातही १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने दरोड्याची भरपाई त्या त्या परगण्यातील रहिवाशांवर टाकलेली होती, आणि १८८६ साली तेथे दंगलीतील नुकसानीबद्दल स्वतंत्र कायदाही झाला. या सर्वांमागील विचार एकच आहे. मनुष्याने स्वतः शस्त्र धरून आपल्या घराचे रक्षण करू नये, ते काम आपल्यावर सोपवावे, असे राज्य त्याला सांगते. ज्याने काम अंगावर घेतले, त्याने ते फसल्याचा भारही काही अंशी उचलावा, हे न्यायाला धरून आहे.

ब्रिटिश अमदानीत या विचाराला एक वाकडे वळण लागले. १८६१ च्या पोलीस कायद्यात १८९५ साली १५-अ हे कलम आले. अशांत म्हणून जाहीर केलेल्या मुलखात तेथील लोकांच्या गैरवर्तनामुळे कोणाचे नुकसान झाले, तर त्याने एका महिन्याच्या आत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा, दंडाधिकाऱ्याने रक्कम ठरवावी आणि ती त्याच मुलखातील रहिवाशांकडून वसूल करावी, अशी ती तरतूद. म्हणजे भरपाई आहे, पण ती सरकारच्या तिजोरीतून नव्हे, शेजाऱ्यांच्या खिशातून. दंगलीच्या बाबतीत तिचे एक वेळ समर्थन करता येईल. परंतु बाहेरून आलेल्या अज्ञात इसमाने ठेवलेल्या बॉम्बच्या बाबतीत शेजारी स्वतःच जखमी असतो. त्याच्याकडून काय वसूल करणार?

याच्या उलट एक उदाहरण मुंबईकर श्रोत्यांच्या घराण्यांत अजून सांगितले जात असेल. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीवर कापसाच्या गाठींना आग लागून तिच्यातील दारूगोळ्याचे प्रचंड स्फोट झाले आणि गोदीलगतच्या वस्त्या बेचिराख झाल्या. तो घातपात नव्हता, अपघात होता. परंतु प्रश्न हाच होता. सरकारने त्याच वर्षी भरपाईसाठी एक स्वतंत्र वटहुकूम काढला, जबाबदारी स्वीकारली आणि मालमत्तेच्या नुकसानीबद्दल दावे करणाऱ्या नागरिकांना पैसे दिले. वस्तीचे नुकसान मोजता येते आणि देताही येते, हे परक्या सरकारने युद्धाच्या धामधुमीत दाखवून दिले होते, हे विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर न्यायालयांची वाट सरळ नव्हती. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सराफी पेढीचे प्रकरण आले. पोलिसांनी जप्त केलेले तिचे सोने पोलीस कोठारातूनच एका हवालदाराने लांबविले होते. तरीही, पोलिसांचे काम हे सार्वभौम सत्तेचे काम आहे, म्हणून सरकारवर दावा चालत नाही, असा निर्णय झाला. या भिंतीला पुढे मोठी भगदाडे पडली, आणि त्यांपैकी एक पाडण्याचा मान मद्रास उच्च न्यायालयाकडे जातो. १९८४ साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतर तमिळनाडूतील कोइंबतूर येथे शीख व्यापाऱ्यांची दुकाने व मालमत्ता जाळण्यात आली. जिल्हाधिकाऱ्याने नुकसानीचा अंदाज घेऊन अहवाल दिला, परंतु पैसे कोणी द्यावयाचे हे ठरेना. आर. गांधी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, ज्याचा निवाडा १९८९ च्या न्यायनिर्णयसंग्रहात प्रसिद्ध झाला, मद्रास उच्च न्यायालयाने राज्य सरकारला बजावले की, नागरिकांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण हे तुमचे कर्तव्य होय. त्यात तुम्ही कमी पडलात, तेव्हा जिल्हाधिकाऱ्याने काढलेली सुमारे ३३ लाखांची रक्कम तुम्ही दिली पाहिजे.

या निवाड्यातील एका गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. न्यायालयाने तत्त्व सांगितले हे खरेच. परंतु त्या तत्त्वाला आकडा मिळाला तो जिल्हाधिकाऱ्याच्या अहवालातून. दुकाने जळाली तेव्हाच कोणीतरी दारोदार जाऊन नोंद केली होती, म्हणून पुढे हक्काची रक्कम ठरविता आली. तो अहवाल नसता तर निवाडा सहानुभूतीच्या चार वाक्यांवर थांबला असता.

दंगल आणि बॉम्ब यांत फरक आहे, हे मान्य केले पाहिजे. दंगल उघड चालते. पोलीस आले नाहीत हे डोळ्यांनी दिसते. बॉम्ब गुप्तपणे ठेवला जातो. प्रत्येक पिशवीची आणि प्रत्येक खोक्याची हमी कोणतेच सरकार देऊ शकणार नाही. म्हणून दहशतवादाच्या बाबतीत केवळ सरकारच्या चुकीवर भरपाईची इमारत उभारली तर ती डळमळीत राहील. तिला दुसरा पाया हवा, आणि तो असा. दहशतवादी ज्या दुकानापुढे बॉम्ब ठेवतो त्या दुकानदाराशी त्याचे वैर नसते. त्याला तो ओळखतही नसतो. त्याचे वैर राज्याशी आणि आपणा सर्वांशी असते. १२ मार्च १९९३ च्या दुपारी वरळीच्या सेंच्युरी बाजाराजवळ, झवेरी बाजारात, दादरच्या प्लाझाजवळ जे होते, ते मुंबईच्या आणि देशाच्या वतीने सापडले. त्या दिवशीच्या स्फोटांत २५७ माणसे गेली. जो घाव सर्वांवर घातलेला आहे तो मोजक्यांच्या अंगावर बसला, तर त्याचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा, हा साधा हिशेब आहे. सरकारी तिजोरी म्हणजे असे वाटून घेण्याचे साधन होय.

हे तत्त्व आपल्या कायद्याने अर्धवट स्वीकारले आहे. चेन्नईच्या मीनंबाक्कम विमानतळावर २ ऑगस्ट १९८४ रोजी स्फोट झाला, किंवा चेतपट भागात ८ ऑगस्ट १९९३ रोजी स्फोट होऊन ११ माणसे मरण पावली, त्या काळी केंद्राची कायम योजना नव्हती. ती १ एप्रिल २००८ पासून आली. दहशतवादी, जातीय किंवा नक्षलवादी हिंसेत नागरिक मृत्यू पावला, किंवा त्याला ५० टक्के अथवा अधिक कायमचे अपंगत्व आले, तर प्रारंभी ३ लाख व २०१६ पासून ५ लाख रुपये साहाय्य मिळते. अर्जाची छाननी जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समिती करते. याखेरीज फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ हे कलम आले आणि २००९ च्या अखेरीस अमलात आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६ व्या कलमाने घेतली आहे. त्यानुसार गुन्ह्याच्या बळीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. आणि विशेष हे की, गुन्हेगार सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरीही हा अर्ज करता येतो. स्फोटांच्या तपासाला वर्षे लागतात, आरोपी कधी निर्दोष सुटतात. परंतु जखमी माणसाच्या औषधपाण्याने त्या निकालाची वाट का पाहावी?

तरीही वस्ती अजून बाहेरच उभी आहे. केंद्राची योजना मृत्यू व अपंगत्व एवढेच पाहते. राज्यांच्या योजनांतील तक्तेही मुख्यतः देहावरील इजांचे आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत महापूर आला तेव्हा पडलेल्या घरासाठी मदत देण्याचे दर आपत्तिनिवारणाच्या नियमांत आधीच ठरलेले होते. तेच घर स्फोटाने पडले तर तसा ठरलेला दर नाही; मंत्रिमहोदय काय जाहीर करतात याची वाट पाहावी लागते. विम्याचे म्हणाल, तर ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यानंतर परदेशी पुनर्विमा कंपन्यांनी हात आखडता घेतला. तेव्हा एप्रिल २००२ मध्ये भारतीय विमा कंपन्यांनी दहशतवादाच्या धोक्यासाठी एक सामाईक निधी उभारला. परंतु त्याचे संरक्षण जादा हप्ता भरून वेगळे घ्यावे लागते. मोठे कारखाने ते घेतात. पदपथालगतचा घड्याळदुरुस्ती करणारा बहुधा घेत नाही. भाडेकरूची स्थिती याहून चमत्कारिक. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो की, आग, वादळ, पूर, किंवा सैन्य वा जमाव यांच्या हिंसेने जागा निरुपयोगी झाली, तर भाडेकरूला करार संपविता येईल. म्हणजे त्याला निघून जाण्याचा हक्क आहे. राहण्यासाठी साहाय्य मागण्याचा हक्क मात्र कोठे लिहिलेला नाही.

ही उणीव भरून काढणे हे विधिमंडळांचे काम आहे, आणि ते अवघड नाही. पुराच्या नुकसानीला जसे दर आहेत तसे घातपाताच्या नुकसानीलाही ठरवावेत, आणि ठरावीक मुदतीत पाहणी करणे जिल्हाधिकाऱ्यावर बंधनकारक करावे. पण तोवर काय? सरकारी नोकरीत अर्जांच्या पलीकडच्या बाजूला बसून जे दिसते त्यावरून एवढे सांगता येईल की, दावे नाकारले जातात ते बहुधा अन्यायाच्या इच्छेने नव्हे, तर पुराव्याच्या अभावाने. मोडलेले कपाट चार दिवसांत भंगारात जाते, भिंत लिंपली जाते, आणि सहा महिन्यांनी अर्ज येतो तेव्हा अधिकाऱ्यासमोर फक्त एक कागद असतो. म्हणून रहिवाशांनी पहिल्या आठवड्यातच काही गोष्टी कराव्यात. झाडलोट करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. पंचनामा चालू असताना हजर राहून आपल्या जागेची नोंद त्यात आली आहे की नाही हे पाहावे, आणि पंचनाम्याची व पहिल्या खबरेची नक्कल मिळवावी. सरकारी रुग्णालयातून जखमेचा दाखला घ्यावा. जखम किरकोळ वाटली तरी घ्यावा, कारण कानाचा पडदा फाटल्याचे पुष्कळदा मागाहून कळते. भाड्याच्या पावत्या, मालाची बिले, परवाना, शिधापत्रिका यांच्या प्रती एकत्र ठेवाव्यात. अर्ज दिला की पोच घ्यावी. आणि शक्यतो एकेकट्याने न जाता गल्लीने मिळून एक यादी करावी; कारण एकट्याचा अर्ज ही तक्रार असते, साऱ्या गल्लीची यादी हा अहवाल असतो.

अधिकाऱ्यांचेही कर्तव्य आहे. मृतांच्या घरी धनादेश पोचविताना छायाचित्रकार बरोबर असतात. नुकसानीची यादी करण्यासाठी तलाठी किंवा महसूल निरीक्षक जातो तेव्हा कोणी नसतो. परंतु कोइंबतूरने दाखवून दिले की, न्याय त्या दुसऱ्या फेरीतूनच मिळाला. ज्या अधिकाऱ्याने नियमात रकाना नसतानाही फुटलेल्या तावदानाची नोंद केली, त्याने एका नागरिकाचा हक्क जिवंत ठेवला.

दहशतवादाचा हेतू माणसे मारणे एवढाच नसतो. शेजाऱ्याचा शेजाऱ्यावरील आणि नागरिकाचा राज्यावरील विश्वास मोडावा, हा त्याचा खरा उद्देश असतो. स्फोटानंतर महिन्याभराने दुकान पुन्हा उघडले, तर तो उद्देश त्या गल्लीपुरता फसला. ते उघडण्यासाठी लागणारी रक्कम फार मोठी नसते. ती उपकार म्हणून हाती पडली तर घेणाऱ्याची मान खाली जाते. हक्क म्हणून मिळाली तर तो त्या राज्याचा भागीदार म्हणून पुन्हा आपल्या फळीवर बसतो. अनुग्रह आणि अधिकार या दोन शब्दांत जे अंतर आहे ते एवढे आहे.